परिषदेत निबंध वाचायचा म्हणजे काय?

"मास्तर, निबंधच वाचायचा ना? मग तो टपालानं धाडून द्या की! पोरीनं एवढ्या लांब जाऊन वाचून दाखवायचा, म्हणजे तिथल्या लोकांना स्वतःला वाचता येत नाही का?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका गावात, एका घराच्या ओटीवर बसलो असताना विचारला गेला. विचारणारे होते आमच्या एम. ए. च्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा. मुलीला इतिहास-परिषदेत शोधनिबंध वाचायला जायचे होते, दोन रात्री बाहेर राहायचे होते, आणि घरच्यांची संमती घ्यायला मी गेलो होतो. आजोबांचा प्रश्न ऐकून आतल्या खोलीत कोणीतरी हसले. मी मात्र हसू शकलो नाही. वीस वर्षे मी इतिहास शिकवतो आहे, परिषदांना जातो आहे. पण निबंध तिथे जाऊन का वाचायचा, असे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

थोडा वेळ चहात काढला आणि मग समोरच्या शेताकडे बोट दाखवून मी म्हणालो, "आजोबा, या जमिनीची मोजणी झाली तेव्हा शेजारच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या ना?"

"गेल्या होत्या तर! सगळे बांधावर उभे होते."

"का? मोजणीदाराला कचेरीत बसून नकाशा काढता आला नसता?"

"काढला असता. पण तो मानला कोणी असता?"

माझे काम झाले होते. घरी लिहिलेला निबंध हा कचेरीत काढलेला नकाशा. परिषदेत तो वाचायचा म्हणजे बांधावर उभे राहायचे. आजूबाजूला ज्यांची शेते आहेत, म्हणजे ज्यांनी त्याच विषयात आयुष्य घालवले आहे, ती माणसे समोर बसतात आणि "हा दगड इथे नव्हता" असे म्हणण्याचा त्यांना हक्क असतो. आजोबांनी मान हलवली आणि मुलीला जायची परवानगी मिळाली. पण नोटीस नेमकी कोणावर निघाली होती, ते मला पुढे कळले. ती पहिल्यांदा माझ्यावरच निघाली होती.

मुलीचा विषय होता १९४४ सालची ब्रेटन वुड्‌स परिषद. नाव परके वाटते. 'आधुनिक आंतरराष्ट्रीय इतिहास' असे शब्द कानांवर पडले की आपल्याकडच्या मुलांना वाटते, हा नेपोलियन-हिटलरचा मामला. त्यात पेण-रोह्याच्या माणसाने काय बोलावे! आपण फार तर शिवकालावर लिहावे, नाहीतर गावच्या देवळावर. मला ही समजूत कधीच पटली नाही. या मुलीने तर ती निम्मी मोडूनच माझ्यापुढे आणली होती, कारण ब्रेटन वुड्‌सला जे भारतीय शिष्टमंडळ गेले त्यात चिंतामणराव देशमुख होते.

चिंतामणरावांचे नाव रोह्यात कोणाला सांगावे लागत नाही. तिथल्या महाविद्यालयाच्या पाटीवरही ते आहे. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. बालपण बरेचसे रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक, ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवड, केंद्राचे अर्थमंत्रिपद, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्या पदाचा राजीनामा. असा माणूस आपल्या गावचा असला की त्याच्याविषयी बोलताना आवाज आपोआप चढतो. माझाही चढत असे.

आता ही ब्रेटन वुड्‌सची परिषद काय होती ते थोडक्यात सांगतो. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युद्धानंतर देशादेशांतला पैशाचा व्यवहार कसा चालावा, हे ठरवायला ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर संस्थानात, डोंगरातल्या माउंट वॉशिंग्टन नावाच्या हॉटेलात जमले. १ ते २२ जुलै १९४४. आपल्याकडे लावणीचे दिवस. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा पाया तिथे घातला गेला. भारत स्वतंत्र नव्हता. शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या सरकारातले अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. त्यांच्याबरोबर सर थिओडोर ग्रेगरी हे आणखी एक इंग्रज, आणि षण्मुखम् चेट्टी, चिंतामणराव देशमुख व अर्देशिर दराबशा श्रॉफ हे तिघे भारतीय.

ही माणसे तिथे कशासाठी भांडत होती? उधारीसाठी. युद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानात धान्य, कापड, ताग, लष्करी सामान, काय लागेल ते घेतले. त्याचे पैसे त्यांनी लंडनमध्ये, पौंडांत, आपल्या खात्यावर मांडून ठेवले. त्या खात्याच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँकेने नोटा काढल्या आणि त्या नोटांनी शेतकऱ्याला, गिरणीला, ठेकेदाराला पैसे चुकते केले. म्हणजे गिऱ्हाइकाने माल उचलला, "वहीत मांडा" म्हणून सांगितले, आणि दुकानदाराने घरातल्याच लोकांना चिठ्ठ्या वाटून वेळ निभावली. चिठ्ठ्या वाढल्या, माल मात्र बाहेर गेला; भाव चढले. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, पण युद्धकाळातली ही भाववाढ त्यांतले एक. युद्ध संपता संपता लंडनमधली ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे तेव्हाच्या दराने सतराशे कोटी रुपयांवर गेली होती. जो देश युद्धापूर्वी इंग्लंडचा ऋणको होता तो धनको झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हिला स्टर्लिंग शिल्लक म्हणतात.

आता गंमत अशी की, धनको असूनही आपल्या हातात काही नव्हते. ते पौंड इंग्लंडने गोठवून ठेवलेले. त्यांचे डॉलर करून अमेरिकेची यंत्रसामग्री घ्यावी, तर तशी मोकळीक नव्हती. भारतीय शिष्टमंडळाचे म्हणणे असे की, नव्या नाणेनिधीच्या मार्फत या शिल्लकेचा निदान काही भाग तरी मोकळा व्हावा. इजिप्तचीही तीच तक्रार होती. ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख होते लॉर्ड केन्स, त्या काळातले सर्वांत नामांकित अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी भारताचे आभार मानले, आणि हा ज्याचा त्याचा आपसातला हिशेब आहे, आम्ही धनकोंशी परस्पर बोलू, असे सांगून तो प्रश्न निधीच्या दाराबाहेर ठेवला. भारताची सूचना फेटाळली गेली.

या वादात भारताच्या बाजूने एक फार झणझणीत उपमा दिली गेली. बँकेत दहा लाख डॉलर असलेल्या माणसाच्या खिशात टॅक्सीच्या भाड्यापुरतेही सुटे पैसे नसावेत, तशी तुम्ही आमची अवस्था करता आहात, असा तिचा आशय. ही उपमा मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. नुसती सांगत नसे, चिंतामणरावांच्या नावावर सांगत असे. "रोह्याच्या माणसाने केन्सला तोंडावर असे सुनावले!" असे म्हटले की मागच्या बाकांवरची पोरेसुद्धा सरळ बसत.

मुलीने निबंधाचा पहिला खर्डा आणला तेव्हा तिसऱ्याच पानावर ते वाक्य होते. मी खूश झालो. खाली आधार म्हणून काय दिले आहे ते पाहिले, तर लिहिले होते: "वर्गातील व्याख्यान."

मी म्हणालो, "अगं, हा आधार चालायचा नाही. परिषदेत लोक हसतील. मूळ कागद शोध."

मूळ कागद शोधणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ब्रेटन वुड्‌सचे अधिकृत कामकाज अमेरिकन सरकारने १९४८ सालीच दोन खंडांत छापले. पण त्या हॉटेलात बैठका चालू असताना लघुलेखकांनी घेतलेली काही शब्दशः टिपणे अमेरिकेच्या अर्थखात्याच्या ग्रंथालयात पडून राहिली होती. ती एका अभ्यासकाच्या हाती लागली आणि २०१२ साली प्रसिद्ध झाली. साठ-सत्तर वर्षे फार थोड्यांनी पाहिलेले कागद आज रोह्याच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत बसलेली मुलगी आपल्या मोबाइलवर वाचू शकते. तिने ते वाचले. इंग्रजी सोपे नव्हते. दोन रविवार आम्ही दोघांनी बसून ताळा केला. तिसऱ्या रविवारी ती एकटीच आली.

"सर, ते टॅक्सीचं वाक्य देशमुखांचं नाही. श्रॉफ यांचं आहे."

मी म्हणालो, "नीट पाहिलंस?"

"पाहिलं. तुम्हीही पाहा."

पाहिले. वाक्य श्रॉफ यांचेच होते. श्रॉफ म्हणजे मुंबईच्या उद्योग आणि अर्थक्षेत्रातले मोठे नाव, १९४४ च्याच जानेवारीत निघालेल्या 'मुंबई योजने'च्या कर्त्यांपैकी एक. त्यांचे श्रेय मी किती वर्षे दुसऱ्याच्या खात्यावर जमा करत आलो होतो, ते मोजायचे धाडस मला झाले नाही. कोणत्या पुस्तकात तसे वाचले होते म्हणावे, तर तेही आठवेना. बहुधा कोणत्याच नाही. आवडत्या माणसाच्या तोंडी आवडते वाक्य कधी जाऊन बसते ते बसवणाऱ्यालाही कळत नाही.

शिक्षकमित्रहो, विद्यार्थ्याने आपली चूक दाखवली की पहिल्या क्षणी राग येतो. मलाही आला, खोटे कशाला सांगू? दुसऱ्या क्षणी मनात आले की हे वाक्य तसेच परिषदेत गेले असते तर माझ्या चुकीसाठी सभेत उभे कोण राहिले असते? ही पोर.

एक खिळा निघाला की दुसराही हलतो. तिच्या खर्ड्यात आणखी एक वाक्य होते: देशमुखांच्या मुत्सद्देगिरीमुळे नाणेनिधीच्या संचालक मंडळावर भारताला कायमची जागा मिळाली. हेही आपल्याकडे भाषणांतून ऐकू येते. आता निधीचा नियम असा होता की ज्या पाच देशांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांनी आपापला संचालक थेट नेमावा. भारताने मोठा वाटा मिळावा म्हणून नेटाने झगडा केला हे खरे. पण ठरलेला वाटा ४० कोटी डॉलर, आणि त्याच्यावर अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन आणि फ्रान्स. म्हणजे भारताचा नंबर सहावा. पुढे १९४५ अखेरची मुदत टळली तरी रशिया निधीत आलाच नाही, म्हणून भारत एक पायरी वर सरकून पाचवा झाला. जागा मिळाली ती अशी. झगडा केला नसता तर सहावा नंबरही आला नसता, असे म्हणता येईल. आणि तेवढेच तिने लिहिले. ते वाक्य बदलताना मात्र तिचे डोळे भरून आले होते. गावच्या माणसाचे काहीतरी आपण काढून घेतो आहोत, असे तिला वाटले.

मी तिला समजावले, पण माझे शब्द मला फारसे आठवत नाहीत. एक आठवते: मी तिला वरसईच्या गोडसे भटजींची गोष्ट सांगितली. वरसई पेण तालुक्यातली. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहून काढली. 'माझा प्रवास' या नावाने ती १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी छापली, आणि छापताना भाषा बदलली, काही गाळले, काही आपल्या पद्धतीने मांडले. हेतू वाईट नव्हता. पण विष्णुभटांनी मुळात लिहिले तसे पुस्तक लोकांच्या हाती पडायला १९६६ साल उजाडावे लागले. ते काम दत्तो वामन पोतदारांनी केले. मधल्या साठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या पुस्तकाच्या आधाराने लिहिले, त्यांनी विष्णुभटांबरोबर थोडेसे वैद्यांनाही उतरवून घेतले. वरसईचा भिक्षुक असो की रोह्याचा गव्हर्नर, त्याच्या तोंडी आपले शब्द घातले की तो मोठा होत नाही, दिसेनासा होतो, असे काहीसे मी बोललो असेन.

पोतदारांचे नाव निघालेच आहे, तर आणखी एक सांगायला हवे. इतिहासाच्या अभ्यासकांनी एकत्र जमून निबंध वाचावेत आणि त्यांवर भांडावे, ही रीत आपल्याकडे काही परदेशातून नुकतीच उतरलेली नाही. वि. का. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हापासून तिथे टिपणे वाचली जात आणि त्यांची चिरफाडही होत असे. मंडळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९३५ साली, पुण्यातच सबंध देशातल्या आधुनिक इतिहासाच्या अभ्यासकांची परिषद भरली. डॉ. शफाअत अहमद खान तिचे अध्यक्ष होते, आणि ती घडवून आणण्यात पोतदारांचा मोठा वाटा होता. पोतदार आपल्याच जिल्ह्यातले, महाड तालुक्यातल्या बिरवाडीचे. पुढे त्याच परिषदेच्या नावातला 'आधुनिक' शब्द गळून ती भारतीय इतिहास परिषद झाली. तिच्या अधिवेशनांत भारताबाहेरच्या देशांच्या इतिहासाचा एक स्वतंत्र विभागही असतो. तेव्हा जगाच्या इतिहासावर बोलायला आपल्याला दार कोणी नव्याने उघडायचे नाही.

हे सगळे चांगले चांगले सांगितले. आता दुसरी बाजूही सांगतो. आजकाल परिषदांचे पीक उदंड आले आहे. प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्यापासून कित्येक ठिकाणी परिषद म्हणजे नोंदणी, जेवण, प्रमाणपत्र आणि छायाचित्र एवढेच उरते. असा एक निबंध मीही वाचलेला आहे. खोलीत पाच जण होते. त्यांतले चार आपापल्या पाळीची वाट पाहत होते आणि पाचवा पंखा दुरुस्त करायला आला होता. मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. चिंतामणराव १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आजचा हा बाजार पाहून ते काय म्हणाले असते, ते मी सांगणार नाही. त्यांच्या तोंडी वाक्ये घालायची नाहीत, एवढे मी आता शिकलो आहे.

निबंध वाचायला वेळ मिळतो पंधरा मिनिटे. काही ठिकाणी बाराच. मुलीचा खर्डा बावीस पानांचा होता. बावीस पाने वाचायला पाऊण तास तरी लागतो. तेव्हा कापाकापी आली. चिंतामणरावांचा जन्म, शिष्यवृत्ती, केंब्रिज, सगळे गेले. श्रोत्यांना ते ठाऊक असते किंवा नसले तरी चालते. दुसऱ्या महायुद्धाची कारणे गेली. 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात' ने सुरू होणारा परिच्छेद तिने स्वतःच, मी काही म्हणण्यापूर्वी, फाडून टाकला. त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात शंभरापैकी शंभर दिले. राहिला एकच प्रश्न: शिल्लक मोकळी करून घेण्याचा भारताचा प्रयत्न त्या हॉटेलात नेमका कसा फसला? शीर्षकातून 'विजय' शब्द गेला आणि 'स्टर्लिंग शिल्लक' हे शब्द आले.

त्यानंतर तालीम. संध्याकाळी वर्ग रिकामा झाला की घड्याळ लावून ती वाचायची आणि आम्ही दोघेतिघे शिक्षक मागे बसून आडवेतिडवे प्रश्न विचारायचो. पहिल्या दिवशी ती कागदातून डोके वर काढीना. आवाज इतका खाली की बाहेरच्या चिमण्या जास्त ऐकू येत. मी तिला एवढेच सांगितले की, वाचू नकोस, आजोबांना सांगते आहेस असे समज. त्याचा उपयोग झाला. परिषदेत इंग्रजीतच बोलावे लागेल की काय, ही तिची खरी भीती होती. तिथे मराठीला मोकळीक होती; अवतरणे इंग्रजी, विवेचन मराठी, असे चालले. इंग्रजीच्या धाकाने आपली किती मुले दाराशीच थबकतात! त्यांना सुरुवातीला कोकण इतिहास परिषद, अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद अशा ठिकाणी नेले पाहिजे, जिथे मराठीतून निबंध वाचता येतो. इंग्रजी मागाहून येते. विचारच नसेल तर इंग्रजी येऊन तरी काय करायचे?

एक गोष्ट तिला फार करावीशी वाटत होती. न्यू हॅम्पशायरच्या हॉटेलातल्या वादाचा धागा रोह्याच्या बाजारापर्यंत आणायचा. युद्धकाळात इथे तांदूळ, रॉकेल, कापड यांचे भाव कसे चढले, ते एखाद्या जुन्या दुकानाच्या चोपडीत सापडले तर? कल्पना उत्तम होती. अमेरिकेत बसलेल्या पंडिताला हे करता येणारच नाही. ती रोह्याच्या बाजारपेठेत हिंडली, पेणला दोन घरी गेली. एके ठिकाणी म्हातारे शेटजी म्हणाले, "चोपड्या होत्या ना! माळ्यावर होत्या. वाळवीनं खाल्ल्या, उरल्या त्या बंबात गेल्या." दुसरीकडे दिवाळीला पूजलेल्या वह्या होत्या, पण त्या बऱ्याच अलीकडच्या. हात हलवत परत आली. मी म्हटले, तसेच लिही. तिने निबंधात एक ओळ घातली: स्थानिक भावांच्या नोंदी शोधल्या, मिळाल्या नाहीत.

परिषदेचा दिवस उजाडला. तिचा नंबर जेवणानंतरचा. जेवणानंतरचे सत्र म्हणजे काय, ते शिक्षकांना सांगायला नको. तरी पंचवीस-तीस माणसे होती. तिने चौदा मिनिटांत निबंध संपवला. टॅक्सीचे वाक्य श्रॉफ यांच्या नावानिशी सांगितले, तेव्हा मागच्या रांगेत मी उगाचच बुटाची नाडी बांधत होतो.

प्रश्न आले तीन. पहिला अगदी सोपा. दुसरा एका वयस्क प्राध्यापकांचा: "तुम्ही रोह्याकडच्या, आणि तुमच्या निबंधात देशमुख एवढे कमी कसे?" सभेत थोडे हसू झाले. ती म्हणाली, "सर, या वादाच्या ज्या कागदांवर मी लिहिलं, त्यांत जेवढे दिसले तेवढे घेतले. त्यांचं आत्मचरित्र आहे, रिझर्व्ह बँकेचा छापील इतिहास आहे. ते तपासून आणखी सापडलं तर लिहीन." प्राध्यापक काही बोलले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले.

तिसरा प्रश्न खरा होता. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "नोटा वाढल्या म्हणून भाव वाढले, हे सबंध देशाचं झालं. तुमच्या तालुक्यात काय झालं ते चोपडीत नाही मिळालं म्हणता. पण सरकारी दप्तर पाहिलंत का?" नाही पाहिले, असे ती म्हणाली. सत्र संपल्यावर त्या बाईंनी तिला बाजूला घेतले आणि मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे, तिथे कुलाबा जिल्ह्याच्या युद्धकाळातल्या कागदांसाठी अर्ज कसा करायचा, कोणत्या खात्याच्या याद्या आधी मागायच्या, हे सगळे एका कागदाच्या पाठीवर लिहून दिले. मीही जवळ उभा होतो. त्या इमारतीसमोरून मी किती वेळा गेलो असेन! पण युद्धकाळातल्या आपल्या जिल्ह्यासाठी त्या दारात शिरावे, हे मला सुचले नव्हते. टपालाने धाडलेल्या निबंधाला हा कागद मिळाला नसता.

परतीच्या गाडीत तिने तो कागद तीनदा उघडून पाहिला. पेण मागे पडले, काळोख झाला. नागोठण्याच्या सुमारास ती म्हणाली, "सर, पुढच्या वर्गाला टॅक्सीचं वाक्य सांगाल ना?" सांगेन म्हटले. "श्रॉफ म्हणून?" श्रॉफ म्हणूनच, म्हटले. यंदा सांगितलेही. मागच्या बाकांवरची पोरे तेवढीच सरळ बसली. आणि त्यांतल्या एकाने विचारले की हे कुठे छापले आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत या वाक्यावर असे विचारणारा तो पहिलाच.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. आजोबा ओटीवरच होते. नातीने सगळी हकीकत सांगितली, केन्स सांगितला, शिल्लक सांगितली, सतराशे कोटी सांगितले. म्हाताऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं ठीक. पण मग ते आपले पैसे मिळाले का?"

परिषदेत इतकी शिकलेली माणसे होती, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिले. मला माहीत होते तेवढे मी सांगितले: मिळाले, पण एकदम नाही, तुटत तुटत. स्वातंत्र्यानंतर करार झाले. १९४८ च्या करारात इंग्रजांनी इथे सोडलेल्या लष्करी सामानापोटी दहा कोटी पौंड वळते झाले, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनांसाठी मोठी रक्कम बाजूला काढली गेली, उरलेल्यातून पुढच्या काही वर्षांत धान्य आणि यंत्रे आली. आणि मधल्या काळात जगभर भाव चढल्यामुळे त्या पौंडांत पूर्वीइतका माल येत नव्हता.

"म्हणजे सामान त्यांचं जुनं, आणि पैसे आपले कापले," आजोबा म्हणाले. "किंमत कोणी ठरवली त्या सामानाची?"

नात आत गेली आणि वही घेऊन आली.